दुसरी आवृत्ती

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि एक जुनी तक्रार पुन्हा जोमाने कानी येऊ लागली. मराठीत कविता आहे, कादंबरी आहे, संतवाङ्मय आहे; पण स्थापत्याचे, यंत्रशास्त्राचे, शिक्षणशास्त्राचे भरीव ग्रंथ नाहीत. तक्रारीमागोमाग कारण येते : शब्द नाहीत. कारणामागोमाग उपाय येतो : परिभाषा घडवा, अनुवाद करवा, अनुदान द्या. मराठीचा अभिमानी हे बोलतो, आणि मराठीतून शास्त्र शिकवता येणारच नाही असे म्हणणाराही याच पायावर उभा असतो. दोघांनाही भाषा हे एक भांडे वाटते. एकाच्या मते ते अजून भरायचे राहिले आहे, दुसऱ्याच्या मते ते गळके आहे.

मला हे निदानच उथळ वाटते, आणि निदान चुकल्यामुळे गेली साठ वर्षे औषधही चुकत आले आहे. माझे म्हणणे असे : शास्त्रीय ग्रंथ शब्दांवाचून मरत नाही, त्याला कोणी उत्तर देत नाही म्हणून मरतो. ज्या पुस्तकावर कोणाचे तरी काही अडलेले असते, ज्यातली चूक कोणाला तरी भोवते, त्या पुस्तकाशी भांडायला माणूस उठतो. मग लेखकाला ते दुरुस्त करावे लागते, नाहीतर दुसरा कोणीतरी त्याच्यावर मात करणारे पुस्तक लिहितो. याला मी दुसरी आवृत्ती म्हणतो. नुसते पुनर्मुद्रण मला अभिप्रेत नाही. पहिली आवृत्ती पैशाने आणि उत्साहाने काढता येते. भाषेत शास्त्र मुरते ते दुसरीपासून.

१. दोन कॅप्टन, दोन अनुवाद

हा मुद्दा तपासायला इतिहासाने एक नमुनेदार जोडी आपल्यापुढे ठेवली आहे. पेशवाई बुडाल्यानंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत कंपनी सरकारच्या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी दोन इंग्रजी ग्रंथ मराठीत आणले.

पहिला जॉर्ज जर्व्हिस. तो इंजिनिअर होता. मोजणीच्या आणि बांधकामाच्या खात्यांना हाताखाली शिकलेली माणसे हवी होती, म्हणून १८२० च्या दशकात त्याने मुंबईत देशी मुलांसाठी इंजिनिअरिंगची शाळा चालवली, आणि तिचे शिक्षण देशी भाषांतून ठेवले. जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांना हाताशी धरून त्याने चार्ल्स हटनचे गणित मराठीत उतरवले. हटनचा हा ग्रंथ इंग्लंडात वुलिचच्या लष्करी अकादमीत शिकवला जाई. म्हणजे ज्या गणितावर ब्रिटिश तोफखान्याचे आणि इंजिनिअर पलटणींचे अधिकारी तयार होत, तेच गणित दोनशे वर्षांपूर्वी मराठी मुले मराठीतून शिकत होती. पुढे बाळशास्त्री जांभेकरांनी ‘शून्यलब्धी’ या नावाने कलनशास्त्रही मराठीत मांडले. शब्द नव्हते असे म्हणणाऱ्याने या दोन गोष्टींचे काय करायचे ते सांगावे.

दुसरा कॅप्टन डेव्हिड केपन. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये इंग्रजीत निघाला आणि थोड्याच वर्षांत केपनने तो मराठीत आणला. शाळांतून तो वाचला जाऊ लागला.

एकाच काळातले हे दोन अनुवाद. एकाच सरकारचा आश्रय, एकाच पठडीतले शास्त्री मदतीला, गद्यही सारखेच नवखे. तरीही त्यांची नशिबे वेगळी निघाली. जर्व्हिसची शाळा १८३० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली आणि तिच्याबरोबर पुस्तकांचा वाचक गेला. १८४० च्या दशकाच्या अखेरीस शिक्षण मंडळात उच्च शिक्षणाच्या माध्यमावरून वाद पेटला. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचा होता. हाच जर्व्हिस जगन्नाथ शंकरशेटांच्या बरोबरीने देशी भाषांसाठी ठाण मांडून बसला होता, पण तो पक्ष हरला. पुण्यात १८५४ मध्ये इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला. त्यातूनच पुढे तिथले प्रसिद्ध महाविद्यालय वाढले, पण वाढले ते इंग्रजीच्या छायेत. मराठी हटनला ना टीकाकार मिळाला, ना वारस.

केपनच्या अनुवादाला मात्र टीकाकार मिळाला. १८६७ मध्ये नीलकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थिदशेतल्या तरुणाने पुण्याच्या एका सभेत ग्रँट डफच्या बखरीवर टीका वाचली. त्याने डफच्या आधारांची आणि निष्कर्षांची झडती घेतली. मराठीतले आधुनिक इतिहाससंशोधन इथून धरावे असे मला वाटते. आधी कोणीतरी लिहिले, ते शाळेत शिकवले गेले, त्यातले खटकले आणि खटकलेले बोलून दाखवायला सभा होती. कीर्तन्यांनंतर १८७८ मध्ये का. ना. साने, ज. बा. मोडक यांचा ‘काव्येतिहाससंग्रह’ निघाला. मूळ कागद छापल्यावाचून भांडण तुटणार नाही हे आता कळले होते. १८९८ मध्ये राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड आला. त्यात पानिपतच्या काळातली पत्रे होती. त्याच वर्षी सरदेसायांच्या रियासतीचा पहिला भाग निघाला. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले आणि तिथल्या बैठकांत एकमेकांचे कागद, तारखा, वाचने यांवर माणसे तावातावाने बोलत राहिली. १९६१ मध्ये, त्या लढाईला दोनशे वर्षे झाली तेव्हा, शेजवलकरांचे मराठी ‘पानिपत’ आले आणि राजवाड्यांपासून सरदेसायांपर्यंतची मते त्यात पुन्हा कसाला लागली. एका लढाईवर मराठी लेखक तीन पिढ्या एकमेकांना उत्तरे देत होते. याच काळात मराठीत पुलाच्या पायाविषयी किंवा चुन्याच्या कामाविषयी असे एक तरी भांडण झाले का?

२. शब्दही होते, पुस्तकेही होती

माझे म्हणणे खोडायचे तर असे म्हणता येईल की जर्व्हिसचा प्रयोग फारच लहान होता. पुरेसे शब्द, पुरेशी पुस्तके आणि पुरेसा पैसा असता तर यंत्रणा आपोआप उभी राहिली असती. हा प्रयोगही आपल्या शेजारी होऊन गेला आहे, आणि मराठवाडा त्याचा साक्षीदार आहे.

हैदराबाद संस्थानात १९१७ मध्ये भाषांतर विभाग आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. माध्यम उर्दू. पदार्थविज्ञान, गणित, कायदा, पुढे वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून. शेकडो ग्रंथ भाषांतरित झाले, परिभाषेच्या समित्यांनी हजारो संज्ञा ठरवल्या, खजिना निजामाचा होता. मराठवाड्यातली मराठी मुले उच्च शिक्षणासाठी गेली ती या उर्दूतून शिकली. सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान गेले, माध्यम बदलले, आणि एवढी पुस्तके बघता बघता कपाटांत गेली. त्यांतले शब्द काही एका रात्रीत निकामी झाले नव्हते. पण ती पुस्तके एका संस्थेच्या आणि एका सत्तेच्या आधारावर उभी होती. संस्थानातल्या बहुसंख्य लोकांची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. शेतावर, कारखान्यात, गावच्या चावडीवर ती पुस्तके मागणारा माणूस फारसा नव्हता. आधार निघताच घर बसले.

महाराष्ट्राने यातून काय घेतले? १९६० मध्ये राज्य झाले, भाषा संचालनालय झाले, परिभाषाकोश निघू लागले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस केंद्र सरकारने विद्यापीठीय ग्रंथांसाठी प्रत्येक राज्याला एक कोटी रुपयांची योजना दिली आणि नागपूरला ग्रंथनिर्मिती मंडळ स्थापन झाले. या कामातल्या माणसांविषयी मला आदर आहे. वाईला तर्कतीर्थांनी उभा केलेला विश्वकोश तर माझ्या मते या राज्याचे सर्वांत मोठे बौद्धिक काम आहे. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा येईपर्यंत चाळीसेक वर्षे गेली. पण या सगळ्या योजनांचा हिशेब एकाच गोष्टीत होई : किती पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांपैकी किती पुस्तकांतल्या चुका वाचकांनी कळवल्या, किती सुधारून पुन्हा निघाली, हे कोणी विचारत नव्हते. योजनेच्या रचनेतच तो प्रश्न नव्हता.

३. ग्रहगणिताची साक्ष

इथे एक आक्षेप ताबडतोब येतो. इतिहास मराठीत जगला, कारण त्याची साधने मराठी आहेत आणि त्यात समीकरणे नाहीत. पुरालेखागारात मोडी लिपीतले कोट्यवधी कागद पडले आहेत; मराठीवाचून तिथे पाऊल टाकता येत नाही. अभियांत्रिकीला असा मायभाषेचा आधार कुठून आणणार?

साधने मराठी असण्याचा फायदा मी नाकारत नाही. पण शास्त्र कठीण आणि गणिती असल्याने मराठीत जगत नाही, हे खोटे आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये निघाला. दीक्षित हे शिक्षक, पुढे ट्रेनिंग कॉलेजात अध्यापक. ग्रंथ गणिताने भरलेला आहे, सिद्धांतग्रंथांतल्या मूलांकांची छाननी आहे, अयनगतीची चर्चा आहे. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएलबरोबर त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजी ग्रंथही केला. म्हणजे इंग्रजीत लिहिता येत नव्हते म्हणून ते मराठीत लिहीत नव्हते. पुढे भारत सरकारने त्या मराठी ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद दोन भागांत छापला, पहिला १९६९ मध्ये आणि दुसरा १९८१ मध्ये. वाहतूक उलट्या दिशेने झाली.

हे कशामुळे घडले? त्या काळी महाराष्ट्रात पंचांगाचा वाद पेटलेला होता. सायन की निरयन, जुने करण की केरोपंत छत्र्यांनी सुचवलेले नवे गणित, ग्रहण पंचांगात लिहिलेल्या वेळी दिसते की नाही, यांवर वर्तमानपत्रांतून आणि सभांतून माणसे भांडत होती. दीक्षित, विसाजी रघुनाथ लेले आणि काव्येतिहाससंग्रहवाले तेच मोडक सायन पक्षाचे होते. संक्रांत कोणत्या दिवशी, व्रत कोणत्या तिथीला, लग्नाचा मुहूर्त कोणता, हे घरोघर त्यावर अवलंबून होते. गणितातली चूक आकाशात दिसत होती आणि स्वयंपाकघरात जाणवत होती. अशा ठिकाणी लिहिलेला ग्रंथ कितीही कठीण असला तरी त्याला वाचक मिळतो, विरोधकही मिळतो.

४. शब्द कुठे जन्मतात

परिभाषा आधी आणि ज्ञान मागाहून, हा क्रमच मला उलटा वाटतो. पाटाच्या पाण्यावर ऊस करणाऱ्या शेतकऱ्याला ‘आवर्तन’ म्हणजे काय ते कोणी कोशातून शिकवले नाही. कालव्याचे पाणी कधी सुटणार आणि किती दिवस चालणार यावर त्याचे वर्ष ठरते, म्हणून तो शब्द त्याच्या तोंडी बसला. लाभक्षेत्र, सांडवा, चारी, पाळी, मृतसाठा हे शब्द आज जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात खुलाशाविना छापले जातात. धरण किती भरले ते माणसे टीएमसीत बोलतात आणि कोणाचे अडत नाही. द्राक्षबागायतदार खरड छाटणी आणि फळछाटणी, डाऊनी आणि भुरी, घड जिरणे आणि जीएचे पीपीएम हे सगळे एका वाक्यात घालतो. त्यात संस्कृत आहे, बोली आहे, इंग्रजी आहे. भाषा बिघडल्याचे हे लक्षण मानू नये. काम करणाऱ्या भाषेचे हेच आरोग्य असते.

शिक्षणातले उदाहरण याहून सुंदर आहे. ताराबाई मोडक बोर्डीला आणि मग कोसबाडला गेल्या. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, असे त्यांनी आणि अनुताई वाघांनी ठरवले. त्या कामाला ‘अंगणवाडी’ हे नाव पडले. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा तेच नाव देशभर गेले. ते कोणत्याही समितीने घडवलेले नव्हते.

याच्याशी लागून एक अवघड सत्य आहे आणि ते टाळून पुढे जाणे मला पटत नाही. ओळंबा, गुण्या, रंधा, पटाशी, कानस, थापी, साचा, भट्टी, ओतकाम ही मराठीची जुनी अभियांत्रिकी शब्दसंपत्ती सुतार, लोहार, गवंडी, तांबट, वडार यांच्या हातात होती. परिभाषा करायला बसले ते पंडित परंपरेतले विद्वान. त्यांना धातू आणि प्रत्यय उत्तम येत होते, पण हत्यार हातात धरलेले नव्हते. ज्यांना हत्यार येत होते त्यांच्यापर्यंत शाळाच पोचू दिली नव्हती. म्हणून कित्येक ठिकाणी जिवंत शब्द शेजारी असताना संस्कृतातून नवा घडवला गेला. मराठीतल्या तांत्रिक ग्रंथाला उत्तर देणारा माणूस का मिळाला नाही, याचे एक मोठे कारण इथे आहे. जो उत्तर देऊ शकला असता तो जातीमुळे वाचकवर्गाबाहेर ठेवला गेला होता.

५. परीक्षा पुरेशी नाही

मग उपाय सोपा दिसतो : अभ्यासक्रम मराठीत करा, परीक्षा मराठीत घ्या, पुस्तकांना आपोआप वाचक मिळेल. शिक्षणशास्त्राकडे पाहिले की हा भ्रम राहत नाही. शिक्षकांचे प्रशिक्षण आपल्याकडे बव्हंशी मराठीतून होते. दर वर्षी हजारो मुलेमुली मराठीत लिहून पदविका आणि पदव्या घेतात. परिभाषेची अडचण नाही, ग्राहकांची तर नाहीच. तरीही या प्रचंड मागणीतून जास्तीत जास्त काय निपजले? गाईड. प्रश्न आणि उत्तर, व्याख्या आणि पाच वैशिष्ट्ये. परीक्षेला पुस्तकातले परत हवे असते, पुस्तकावरचे नको असते.

याउलट विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेले ‘शालापत्रक’ पाहावे, ताराबाईंची ‘शिक्षणपत्रिका’ पाहावी. त्यांच्यामागे परीक्षा नव्हती. वर्गात उभा राहणारा आणि वर्गात आलेली अडचण लिहून पाठवणारा माणूस होता. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये निघाले, १८५० मध्ये पुष्कळ वाढवून पुन्हा निघाले, १८५७ मध्ये पुन्हा. ते शाळांत शिकवले जात होते हे त्याचे निम्मे कारण. उरलेले निम्मे हे की दादोबा स्वतः शिक्षणखात्यात होते आणि मराठीचे व्याकरण नेमके कसे मांडावे यावर त्यांच्या भोवतीचे शास्त्री आणि साहेब एकमत नव्हते. पुस्तक वापरले जाणे आणि पुस्तकावर मतभेद असणे, दोन्ही लागते.

६. तीन आक्षेप

पहिला : अभियांत्रिकी जगभर इंग्रजीत चालते आणि झपाट्याने बदलते, मराठी पुस्तक निघेपर्यंत शिळे होईल. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते माझ्याच बाजूचे आहे. पुस्तक शिळे होते म्हणून तर दुसरी आवृत्ती लागते. शिवाय तुळईवरचा ताण, पाण्याचा प्रवाह, काँक्रीटचे मुरणे यांचे मूळ नियम दर वर्षी बदलत नाहीत. संशोधन इंग्रजीत चालो. त्याला माझी हरकत नाही. मी बोलतो आहे ते साइटवरचा सुपरवायझर, आयटीआयमधला मुलगा, नगरपालिकेचा ओव्हरसिअर आणि ज्याच्या घरावर स्लॅब पडतो तो माणूस यांच्याविषयी.

दुसरा : यंत्र आता काही सेकंदांत अनुवाद करते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला मान्यता दिली. पिंपरी-चिंचवडच्या महाविद्यालयाला मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्ग चालवायची परवानगी मिळाली. अनुवादित पुस्तके आता संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. हे चांगलेच झाले. पण यंत्राने स्वस्त केली ती पहिली आवृत्ती, आणि आपली उणीव ती नव्हतीच. एखादे वाक्य उलट अर्थाचे झाले तर ते कोणाला कळवायचे, दुरुस्त कोण करणार, दुरुस्तीखाली नाव कोणाचे? अनुवाद जितका सहज होईल तितकी ही जबाबदारी पातळ होण्याचा धोका आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. मराठीत इतिहासाचे भांडण जिवंत आहे म्हणून आनंद मानायचा, तर त्या भांडणाने काय काय केले तेही पाहावे लागेल. जानेवारी २००४ मध्ये पुण्यात भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि हस्तलिखितांची, ग्रंथांची नासधूस झाली. हे आठवले की आजही वेदना होते. अडलेले असणे आणि अस्मिता दुखावणे या गोष्टी लांबून सारख्या दिसतात. फरक एवढाच सांगता येतो की कीर्तन्यांनी डफला उत्तर द्यायला डफचे पुस्तक वाचले होते. वाचल्यावाचून दिलेल्या उत्तरातून आवृत्ती सुधारत नाही, ती बाजारातून उठवली जाते. इतिहासाच्या मराठी परंपरेपुढचे आजचे संकट हे आहे, आणि अभियांत्रिकीतल्या मौनापेक्षा ते कमी गंभीर आहे असे मी म्हणणार नाही.

७. पैसा कुठे घालायचा

नव्या पुस्तकांच्या अनुदानातला निदान निम्मा हिस्सा दहा वर्षांत सुधारून काढलेल्या आवृत्त्यांसाठी राखून ठेवावा. प्रत्येक तांत्रिक पुस्तकावर उत्तर देण्यास बांधील अशा माणसाचे नाव आणि चुका कळवण्याचा पत्ता छापावा. जुन्या मराठी ग्रंथांना शेवटी शुद्धिपत्र असे. ती पद्धत पुन्हा आणावी. बांधकामाचे, पाणीपुरवठ्याचे, धरणांच्या सुरक्षेचे अहवाल मराठीत पूर्ण प्रसिद्ध व्हावेत. सिंचनाबाबत हे थोडेफार घडले आहे. माधवराव चितळे अध्यक्ष असलेल्या जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये अहवाल दिला आणि त्यावर अभियंते, कार्यकर्ते, शेतकरी मराठीत वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत. मराठी अभियांत्रिकी लेखन उद्या कुठून उगवेल तर ते मला या वादातून उगवेलसे वाटते. अनुवादाच्या कार्यशाळेतून उगवण्याची शक्यता कमी.

आणि २०२१ नंतर ज्या वर्गांत मराठी तांत्रिक पुस्तके खरोखर वापरली गेली, तिथली मुले आता पदव्या घेऊन बाहेर पडू लागली आहेत. कोणता शब्द अडला, कुठे आकृती चुकली, कुठे मास्तरांनी पुस्तक बाजूला ठेवून फळ्यावर वेगळेच समजावले, हे आज फक्त त्यांना माहीत आहे. नोकरीत शिरली की दोन वर्षांत ती हे विसरतील. त्यांच्या प्रती, कडेला पेन्सिलीने केलेल्या खुणांसकट, कोणीतरी जाऊन गोळा करायला हव्यात, आणि ते याच वर्षी.